कार्यालयीन व्हीपीएन आणि कप्प्यांचा संगणक



परदेशस्थ कुटुंबांत नोकरी आणि वास्तव्याचा परवाना अनेकदा एकाच दोरीने बांधलेले असतात. त्यामुळे घरून काम करताना कार्यालयाचा व्हीपीएन न जुळणे ही निव्वळ तांत्रिक कटकट राहत नाही. दुसरीकडे, त्याच संगणकावर मुलांचा अभ्यास, घरचा पत्रव्यवहार आणि आपल्या मंडळाची सभासद-यादी असेल आणि सारी वाहतूक व्हीपीएनमधून जात असेल, तर आपण कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातो हे मालकाच्या यंत्रणेला दिसू शकते. हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवण्यासाठी काही वाचक ‘क्यूब्ज ओएस’ वापरू लागले आहेत. या वेळी आम्ही तिच्यावरील व्हीपीएनचे बिघाड क्रमाने पाहणार आहोत.

जोआना रुत्कोव्स्का यांनी सुरू केलेल्या या प्रणालीची पहिली पूर्ण आवृत्ती २०१२ साली आली. ‘झेन’ या पायावर ती एकाच संगणकात अनेक स्वतंत्र कप्पे चालवते. जाळ्याशी थेट संबंध ‘सिस-नेट’ या कप्प्याचा. त्यामागे ‘सिस-फायरवॉल’, आणि त्यामागे आपले कामाचे व घरचे कप्पे. व्हीपीएनसाठी वेगळा कप्पा करून तो सिस-फायरवॉल आणि कामाचा कप्पा यांच्यामध्ये बसवावा. घरचा कप्पा मात्र थेट सिस-फायरवॉललाच जोडलेला ठेवावा. म्हणजे कार्यालयाच्या बोगद्यातून फक्त कार्यालयाचेच जाईल.

बिघाड शोधताना साखळीची एकेक कडी तपासावी. प्रथम घरच्या कप्प्यात इंटरनेट चालते का? चालत नसेल तर दोष व्हीपीएनचा नाहीच. संगणक झोपेतून उठल्यावर असे झाल्यास सिस-नेट पुन्हा सुरू करून पाहावा. पुढे व्हीपीएनच्या कप्प्यात बोगदा उभा राहतो का? प्रमाणपत्राची तक्रार आली तर आधी त्या कप्प्याचे घड्याळ पाहावे. वेळ चुकली की वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते.

बोगदा उभा आहे, व्हीपीएनच्या कप्प्यात सारे सुरळीत आहे, पण कामाच्या कप्प्यात काहीच उघडत नाही, ही तक्रार नेहमीची. तेथे आकडी पत्त्याने संपर्क होतो आणि नावाने होत नाही, असे असेल तर दोष डीएनएसचा. क्यूब्जमधील कप्पे १०.१३९.१.१ आणि १०.१३९.१.२ या दोन आभासी पत्त्यांकडे नावे विचारतात. व्हीपीएनच्या कप्प्याने ती विचारणा कार्यालयाच्या डीएनएसकडे वळवायला हवी. ती न वळल्यास कार्यालयातील अंतर्गत नावे सापडत नाहीत.

लहान पाने उघडतात, मोठी अडकतात, असे होत असेल तर एमटीयू पाहावा. साधारण जोडणीत एका पुडक्याची मर्यादा १५०० बाइट असते. बोगद्याचे वेष्टण त्यातलीच जागा घेते. कामाच्या कप्प्यात ती १३०० करून पाहावी. पाने उघडू लागली तर कारण सापडले.

काल जुळवलेले आज नाहीसे झाले असेल, तर ती क्यूब्जची रीतच आहे. साधा कप्पा बंद होताच ‘होम’, ‘यूएसआर-लोकल’ आणि ‘आरडब्ल्यू’ यांबाहेरचे बदल पुसले जातात. म्हणून व्हीपीएनचे सॉफ्टवेअर साच्यात बसवावे आणि मांडणी ‘आरडब्ल्यू’मधील ‘कॉन्फिग’मध्ये ठेवावी. बोगदा पडला तर कामाची वाहतूक उघड्यावर जाऊ नये, यासाठीचा अडसरही तेथेच लिहावा. मात्र जुनी मार्गदर्शने जशीच्या तशी उतरवू नयेत: ४.२ आवृत्तीपासून हे नियम आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्समध्ये लिहावे लागतात.

एवढी मांडणी जड वाटत असेल, तर व्हीपीएन कामाच्या कप्प्यातच चालवता येतो. डीएनएसचा गुंता टळतो आणि घरचा कप्पा तरीही वेगळाच राहतो. सिस्को, फोर्टिनेट, ग्लोबलप्रोटेक्ट अशा अनेक व्हीपीएनना ‘ओपनकनेक्ट’ हे मुक्त सॉफ्टवेअर जोडू शकते.

शेवटी एक गंभीर सूचना. काही कार्यालयांचा व्हीपीएन जोडण्यापूर्वी संगणकाची तपासणी करतो आणि अनोळखी प्रणालीला नकार देतो. तो नकार बिघाड नसून नियम आहे. खोटी माहिती देऊन तो चुकवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ज्या नोकरीवर कुटुंबाचे येथील वास्तव्य उभे आहे, ती अशा युक्तीवर पणाला लावू नये. स्वतःचा संगणक वापरण्याची परवानगी लेखी मागावी. न मिळाल्यास कार्यालयाचाच संगणक मागून घ्यावा आणि त्यावर घरचे काहीही ठेवू नये. तंत्रविभागाला लिहिताना बिघाडाची वेळ, संदेशाचा नेमका मजकूर आणि कोणत्या कडीपर्यंत सारे चालते, एवढे कळवावे. संकेतशब्द कधीही लिहू नये.

कप्पे वेगळे ठेवण्यामागे कार्यालयावरचा अविश्वास नाही. कामाचे कामापाशी आणि घरचे घरापाशी राहावे, एवढीच ती शिस्त आहे.