सोनी घ्यायचे की ॲपल? आणि कानात घातल्यावर घरात ऐकणार कोण?



नोव्हेंबर आला, ब्लॅक फ्रायडेच्या जाहिराती सुरू झाल्या की जर्मनीतल्या प्रत्येक मराठी ग्रुपवर हा प्रश्न ठरलेला: "नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स घ्यायचे आहेत. सोनी बरे की एअरपॉड्स?" खाली चाळीस उत्तरं येतात. अर्धे लोक स्वतःकडे जे आहे तेच सर्वोत्तम म्हणतात, उरलेले थांबा, अजून स्वस्त होतील म्हणतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण मला खरं जे म्हणायचंय ते मॉडेलच्या पुढचं आहे.

तुलना करतेय दोन जोड्यांची: ॲपलचे एअरपॉड्स प्रो २ (सप्टेंबर २०२२) आणि सोनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ (जुलै २०२३). बाजारात आले तेव्हा जर्मनीत ॲपलची किंमत २९९ युरो होती आणि सोनीची जवळपास ३२०. सप्टेंबर २०२५ मध्ये एअरपॉड्स प्रो ३ आल्यापासून जुनी जोडी सवलतीत किंवा रिफर्बिश्ड घेणारे बरेच आहेत, म्हणून ही तुलना अजून कामाची.

आधी नॉइज कॅन्सलिंग म्हणजे काय ते थोडक्यात, कारण निम्मी निराशा चुकीच्या अपेक्षेतून होते. इअरबडच्या बाहेरचा आणि आतला मायक्रोफोन आजूबाजूचा आवाज टिपतो. आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन माणसाने १९३३ सालीच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे बोस कंपनीचे अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीमुळे गाणं नीट ऐकू येईना आणि ते तिथेच गणितं मांडायला बसले. इकडे हॅनोवरजवळच्या झेनहायझर कंपनीने ऐंशीच्या दशकात लुफ्तान्झाच्या वैमानिकांसाठी असे हेडसेट बनवले. म्हणजे हे तंत्र जन्मलं ते इंजिनाच्या एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीसाठी. आयसीई ट्रेन, विमान, एक्झॉस्ट फॅन, शेजाऱ्याचं वॉशिंग मशीन इथे ते कमाल करतं. उंच पट्टीतला, अचानक येणारा आवाज, उदाहरणार्थ दोन वर्षांच्या मुलाचं भोकाड, ते तितकं थांबवू शकत नाही. तो आवाज अडतो तो मुख्यतः कानात नीट बसलेल्या रबरी किंवा फोमच्या टोपीमुळे. म्हणून मॉडेलपेक्षा टोपीचा आकार महत्त्वाचा. दोन्ही जोड्यांबरोबर चार मापं येतात. सोनीची टोपी फोमसारखी आहे, ती कानात फुगून बसते. ॲपलची सिलिकॉनची आहे. बॉक्समधली सगळी मापं लावून बघा. लहान कानांच्या बायकांना बहुतेक वेळा सर्वात छोटं किंवा त्याच्या वरचं माप लागतं, आणि आपण मधलं माप लावून "काही फरक पडत नाही बाई" म्हणत बसतो.

आता मुद्द्यांवर.

बॅटरी: नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे सोनी ८ तास, ॲपल ६ तास. डबीसकट एकूण सोनी २४ तास, ॲपल ३०. फ्रँकफर्ट-मुंबई साधारण आठ तासांचा प्रवास आहे, तेव्हा ॲपलला मध्ये एकदा डबीत ठेवावं लागेल. मोठी अडचण नाही. फक्त सीटसमोरच्या स्क्रीनला बहुतेक विमानांत वायरच लागते, साधे वायरवाले हेडफोन पिशवीत असू द्या.

जोडणी: इथे खरा फरक आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे ऑफिसचा विंडोज लॅपटॉप आणि स्वतःचा अँड्रॉइड फोन असतो. सोनी एकाच वेळी दोन्हीला जोडलेले राहतात. लॅपटॉपवर टीम्सची मीटिंग चालू असताना किटाचा फोन आला तर तिथल्या तिथे कळतं. ॲपलचे इअरबड्स आयफोन, आयपॅड, मॅक यांच्यात आपोआप उड्या मारतात, पण बाहेरच्या उपकरणाशी ते साध्या ब्लूटूथसारखे वागतात आणि बऱ्याच सोयी हातच्या जातात. घरात सगळं ॲपल असेल तरच ते घ्या.

श्रवण: हा मुद्दा कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयफोनवरून एअरपॉड्स प्रो २ वापरून श्रवणचाचणी करता येते आणि सौम्य ते मध्यम ऐकू कमी येणाऱ्या प्रौढांना ते श्रवणयंत्रासारखे वापरता येतात. जर्मनीतही ही सोय सुरू झाली. तुमचे आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार असतील आणि व्हिडिओ कॉलवर बाबा प्रत्येक गोष्टीला नुसतं "हो हो, बरं बरं" म्हणत असतील, तर एक शांत दुपार काढून त्यांची चाचणी करून बघा. हे डॉक्टरचं काम नव्हे. पण "माझे कान ठणठणीत आहेत" म्हणणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे न्यायला हातात काहीतरी पुरावा मिळतो.

तर खरेदीचं उत्तर: विंडोज-अँड्रॉइड घर असेल तर सोनी. आयफोनचं घर असेल, किंवा घरात कमी ऐकू येणारं माणूस असेल, तर ॲपल. आवाजाच्या गुणवत्तेवरून भांडायची गरज नाही, दोन्ही उत्तम आहेत.

आता पुढचं.

या दोन्ही जोड्यांत एक सोय असते, जिची जाहिरात "कानात इअरबड्स ठेवूनही माणसांशी बोला" अशी होते. सोनीत तुम्ही बोलायला लागलात की गाणं थांबतं आणि बाहेरचा आवाज आत येतो. ॲपलमध्ये गाण्याचा आवाज कमी होतो आणि समोरच्याचं बोलणं ठळक होतं. छान सोय आहे. पण नीट बघा, ती सुरू कशाने होते? तुमच्या बोलण्याने. समोरच्याच्या नाही. सुपरमार्केटच्या काउंटरवर हे चालतं, तिथे समोरचा माणूस तुमच्या उत्तराची वाट बघत उभा असतो. चार वर्षांचं मूल वाट बघत नाही. ते एकदा "आई, बघ ना" म्हणतं, दुसऱ्यांदा म्हणतं, आणि तिसऱ्यांदा एकतर किंचाळतं नाहीतर गप्प होतं. किंचाळलेलं आपल्याला कळतं. गप्प झालेलं कळत नाही.

आणि आपल्या बाबतीत हे गप्प होणं जरा जास्त महाग आहे. पुण्यात किंवा कोल्हापुरात आईच्या कानात इअरबड्स असले तरी मुलाभोवती मराठी वाहतच असते. आजी, शेजारच्या काकू, रिक्षावाला, भाजीवाली, सोसायटीतली पोरं. इथे मूल दिवसाचे सात-आठ तास किटात जर्मन ऐकतं. मराठीसाठी त्याच्याकडे फक्त तुम्ही दोघं असता. त्यातल्या एकाच्या कानात संध्याकाळी पाच ते सात इअरबड्स असतील, तर मराठीची अर्धी शाळा बंद असते. मग आपणच शनिवारी मराठी वर्गाला चाळीस मिनिटं एस-बानने घेऊन जातो आणि म्हणतो, "समजतं त्याला सगळं, पण उत्तर जर्मनमध्येच देतो."

किटातून घरी येण्याची दहा मिनिटं घ्या. मॉर्गनक्राइसमध्ये काय झालं, कुणी कुणाला ढकललं, जेवायला काय होतं, हे मूल बाहेर पडल्या पडल्या सांगतं. घरी पोचेपर्यंत ते संपलेलं असतं आणि "आज काय केलंस?" याला "नाइश्ट्स" एवढंच उत्तर येतं. त्या दहा मिनिटांत तुम्ही मीटिंगचं शेपूट ऐकत असाल तर ती बातमी परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट भारतातल्या फोनची. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेचार. आपण कणीक मळता मळता, कानात इअरबड्स घालून आईशी बोलतो. सोय मोठी आहे, हात मोकळे राहतात. पण मुलाला त्यात ऐकू काय येतं? आईचं एकतर्फी "हं, हं, अगं बाई, मग?" एवढंच. आजीचा आवाज, तिचे टोमणे, तिच्या म्हणी, मावशीबद्दलची तक्रार, लग्नाला किती माणसं होती त्याचा हिशोब, हे सगळं तुमच्या एकटीच्या कानात जातं. मुलं भाषा शिकतात ती त्यांना उद्देशून बोललेल्या वाक्यांतून, आणि मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकूनही. आपण सगळेच तसे शिकलो. आजीशी मुद्दाम "बोल, नमस्कार म्हण" असा लावलेला व्हिडिओ कॉल वेगळा आणि ओट्यावर स्पीकरवर चाललेली अर्ध्या तासाची गप्पांची मैफल वेगळी. माझं स्पष्ट मत आहे की आजीचा फोन कधीही इअरबड्सवर घेऊ नये. खाजगी बोलायचं असेल तेव्हा जरूर घ्या, पण रोजचा फोन स्पीकरवर.

याला उत्तर येईल, ते मला माहीत आहे. "तुला काय जातंय बोलायला! इथे ना आई, ना सासू, ना कामाला बाई. दोघांचं होम ऑफिस, वर बेसूर रडणारं बाळ. दोन तास शांतता मिळाली तर बिघडलं कुठे?" काहीच बिघडलं नाही. ऑफिसच्या तासांत, ट्रेनमध्ये, विमानात, रात्री जोडीदाराची पाळी असताना, जरूर घाला. तासभर पोटदुखीने रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरताना कानातला आवाज थोडा कमी झाला तर तुमचा संयम टिकतो, आणि त्याचा फायदा बाळालाच होतो. यात अपराधी वाटायचं काहीएक कारण नाही. माझा विरोध वस्तूला नाही, सवयीला आहे. म्हणजे काम संपलं, लॅपटॉप मिटला, तरी कानातली जोडी तशीच राहते, कारण ती हलकी आहे, पाच-सहा ग्रॅमची, लक्षातच राहत नाही.

जर्मनीत एक गोष्ट मला फार आवडते. २०११ मध्ये इथल्या इमिशन कायद्यात बदल करून लिहिलं गेलं की किटा आणि खेळाच्या मैदानांवरून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे हानिकारक प्रदूषण मानायचा नाही. रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकल्या तर ओरडा खावा लागेल अशा देशाने मुलांच्या आवाजाला गोंगाटातून वेगळं काढलं. मग आपण आपल्याच घरात तीनशे युरो देऊन त्याला पुन्हा गोंगाटात का घालायचं?

आता मुलांच्या कानांबद्दल. पाचवीत गेल्यावर मुलं स्वतःसाठी मागायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब साधा आहे: मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावता येते, ती लावा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. एक गोष्ट नॉइज कॅन्सलिंगच्या बाजूने: ट्रेनच्या आवाजावर मात करायला मूल गाणं मोठं करत नाही. पण तीनशेची जोडी शाळेच्या दप्तरात हरवायलाच जाते, हेही लक्षात असू द्या.

थोडं इथल्या नियमांचं, पटकन:

• सायकल चालवताना कानात इअरबड्स असणं सरसकट बेकायदा नाही. पण त्यामुळे आजूबाजूचं ऐकू येत नसेल तर १० युरो दंड होऊ शकतो. पैशांचं सोडा, मागे चाइल्ड सीटवर मूल असताना नॉइज कॅन्सलिंग लावू नका.

• ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत परत करायचा हक्क असतो, पण सील तोडलेल्या इअरबड्सना काही विक्रेते स्वच्छतेचं कारण देतात. उघडण्याआधी अटी वाचा.

• नव्या वस्तूवर विक्रेत्याची दोन वर्षांची जबाबदारी असते. पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो सुरुवातीपासून नव्हता हे सिद्ध करणं त्याचं काम. बिल जपून ठेवा.

• छोटी बॅटरी काही वर्षांत दमतेच. बिघडलेली जोडी कचऱ्यात टाकू नका. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांना अशा लहान वस्तू फुकट परत घ्याव्या लागतात.

आमच्या घरी एक नियम आहे, तो सुचवून थांबते. दाराजवळ किल्ल्या ठेवायची वाटी आहे. बाहेरून आल्यावर किल्ल्या आणि इअरबड्सची डबी दोन्ही तिथे पडतात. ऑफिसची वेळ संपली की टेबलावरची डबीही तिथेच. मूल झोपल्यावर ज्याला हवी त्याने घ्यावी. डबीत ठेवल्याने चार्जिंगही होतं, हा वरचा फायदा.

सोनी घ्या नाहीतर ॲपल घ्या. पण विकत घ्यायच्या आधी घरात बसून ठरवा की ती कानातून निघणार कधी. तुमच्याकडे असा काही नियम आहे का? खाली लिहा, मराठीत लिहा, आणि जमलं तर मोठ्याने वाचून दाखवा.