साध्या पानांचा डाव

आखाजीच्या दुपारी आमच्या नशिराबादेत दोनच आवाज ऐकू येतात. निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्याची करकर आणि ओट्याओट्यावर पत्ते पिसल्याची फडफड. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, घागर भरून पितरांना जेवू घातलेले असते, खापरावरचे मांडे आणि आमरस अंगावर आलेला असतो. सालदाराचे जुने साल संपून नवे ठरलेले असते. बाहेर उन्हाने जीव नकोसा झालेला. अशा वेळी पुरुष मंडळी सावली धरून पत्त्यांना बसतात. परगावच्या वाचकांसाठी सांगतो : बाकी महाराष्ट्राची जी अक्षय तृतीया, ती आमची आखाजी, आणि या दिवशी पत्ते खेळण्याला खान्देशात कुणी फारसे नावे ठेवत नाही.

आमचे घर मात्र त्याला अपवाद. आमच्या घरात चाळीस वर्षांत पत्त्यांचा कॅट आलेला नाही. माझ्या मायेची तशी आज्ञाच आहे. म्हणूनच गेल्या आखाजीला माझ्या भाच्याने पुण्याहून आणलेली पिशवी उघडून पानांच्या दोन गड्ड्या ओसरीवर मांडल्या, तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

या आज्ञेमागची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्याकडे थोडक्यातच सांगितली जाते. एकाधिकार खरेदीतले कापसाचे पैसे नुकतेच हाती आले होते. बियाण्याची आणि खताची रक्कम धाकट्या काकांच्या बंडीच्या खिशात होती. आखाजीला ते झन्नामन्नाच्या डावात बसले ते दिवेलागणीला उठले. मृगाच्या आधी आमची बैलजोडी विकली गेली. त्या वर्षी पेरणी शेजाऱ्याच्या बैलांनी झाली, आणि बैल मागायला वडिलांना दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागले, हे मायेच्या मनातून आजही गेलेले नाही.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, १९९४च्या सुमारास, मीही पत्ते खेळू लागलो. पण माझे पत्ते वेगळे होते. केबल गावात आली होती आणि तिच्यामागोमाग डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची पाने किराणा दुकानात आली होती. प्रत्येक पानावर एका पैलवानाचे चित्र, खाली त्याची उंची, वजन, छाती, दंड, खेळलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या आणि क्रमांक. खेळ असा : आपापली गड्डी हातात पालथी धरायची, फक्त वरचे पान बघायचे. ज्याची पाळी त्याने आपल्या पैलवानाचा एक आकडा बोलायचा. समोरच्याचा आकडा कमी निघाला की त्याचे पान आपले. क्रमांकात तेवढा उलटा हिशेब, तिथे लहान आकडा मोठा. योकोझुना हाती आला की डोळे मिटून वजन बोलावे, हे पहिलीतल्या पोरालाही कळत असे.

पण खरा खेळ पुढेच होता, आणि तो फार थोड्यांच्या ध्यानात आला होता. जिंकलेले पान गड्डीच्या तळाशी जायचे, म्हणजे ते केव्हा तरी वर येणारच. कुठल्या क्रमाने कोणती पाने तळाशी गेली हे ज्याने लक्षात ठेवले, त्याला एका फेरीनंतर समोरच्याच्या हातातले पान न बघता दिसू लागे. समोर योकोझुना आहे हे माहीत असले की आपण वजन बोलायचे नाही, जिंकलेल्या कुस्त्या बोलायच्या. मी हे पाठ करत असे. पाढे पाठ नव्हते, हे होते. वर्गात याबद्दल छड्याही खाल्ल्या आहेत.

असे असूनही मी हरत असे. आमच्या गल्लीत एक मुलगा होता, त्याच्या घरी पैसा होता. तो पाकिटामागून पाकिटे घ्यायचा आणि त्यांतले पडेल पैलवान बाजूला काढून पहिल्या पाच-सहा क्रमांकांचीच गड्डी घेऊन यायचा. त्याच्यापुढे माझी स्मरणशक्ती काय करणार? समोर कोण आहे हे मला ठाऊक असे, पण त्याला पाडील असा माझ्याकडे कुणी नसे. जिंकलेली पाने घरी न्यायची असा नियम होता. महिन्याभरात माझ्याकडे दहा-बारा हडकुळे पैलवान उरले.

मग आमच्यातल्याच कुणीतरी तोडगा काढला. पाकीट एकच घ्यायचे, वर्गणीतून, आणि पिसून निम्मी-निम्मी पाने वाटायची. डाव संपला की पाने परत पाकिटात. त्या दिवसापासून मी जिंकू लागलो. तो मुलगा आठवडाभर रुसला आणि मग परत आला. विशेष म्हणजे तोही आता पाने लक्षात ठेवू लागला. आमचे हे राज्य उन्हाळाभर टिकले. जूनमध्ये मायेला पाकीट सापडले आणि ते चुलीत गेले. तिला ती पाने आणि काकांची पाने वेगळी दिसली नाहीत. आज मला तिचा राग येत नाही. मात्र तिने फरक केला नाही तो आपण करायला हवा, असे आता वाटते.

भाच्याने ओसरीवर मांडलेला खेळ म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने तो रचला आणि १९९३ साली तो अमेरिकेत बाजारात आला. पाने पाकिटातून विकत मिळतात. पाकिटात काय निघेल ते नशिबावर. काही पाने साधी, ढिगाने निघणारी, काही दुर्मीळ. आपापल्या संग्रहातून निवडून प्रत्येकाने आपला कॅट स्वतः बांधायचा आणि समोरच्याच्या कॅटशी लढवायचा. मौज अशी की गारफिल्डच्या मूळ नियमांतही प्रत्येक डावाला दोघांनी एकेक पान पणाला लावायचे होते. जिंकेल त्याने ते घरी न्यायचे, थेट आमच्या गल्लीसारखे. एकाच पानाच्या किती प्रती ठेवाव्यात यावरही आरंभी बंधन नव्हते. पैसेवाल्याने काय केले असेल ते सांगायला नको. १९९४ साली स्पर्धांसाठी चार प्रतींची मर्यादा आली आणि पण लावण्याची रीतही पुढे मागे पडली. पण दुर्मीळ पानांचा बाजार वाढतच गेला. ‘ब्लॅक लोटस’ नावाच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका पानाला २०२१ साली लिलावात पाच लाख अकरा हजार डॉलर मिळाले. एवढ्यात आमच्या शिवारातली किती जमीन येईल याचा हिशेब मी केला आणि सोडून दिला.

माझा भाचा मात्र यातला ‘पॉपर’ हा प्रकार खेळतो. पॉपर म्हणजे कंगाल. नियम एवढाच की साधे म्हणून छापले गेलेले पानच कॅटमध्ये चालेल. हा प्रकार हौशी खेळाडूंमध्ये आधीपासून रुजलेला होता. २०१९ साली कंपनीने संगणकावरच्या आणि टेबलावरच्या खेळासाठी त्याचे नियम एक करून त्याला रीतसर मान्यता दिली. भाच्याचा कॅट अडीच हजारांत बांधून झाला आणि तो दोन वर्षे तोच खेळतो आहे. याच खेळाच्या मोठ्या प्रकारांत पन्नास हजारही पुरत नाहीत म्हणे.

“मामा, बसा. लाल कॅट तुम्ही घ्या, सोपा आहे,” तो म्हणाला. कॅट कमीत कमी साठ पानांचा. जास्त घेतली तरी चालतात, पण घ्यायची नाहीत. का? तर एका पानाच्या चार प्रती साठांत असतील, तर हाती येणाऱ्या पहिल्या सात पानांत त्यांतली निदान एक असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. कॅट शंभराचा केला की तीच २५ टक्क्यांवर येते. भरताड वाढली की कामाची माणसे गर्दीत हरवतात. आमच्या सोसायटीच्या पॅनेलला हे कुणी तरी सांगायला हवे.

या साठांतली काही पाने जमिनीची. जमीन असेल तरच बाकीची पाने खेळता येतात. हे मला लगेच कळले, हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावे लागत नाही. नुसती जमीन आली आणि बियाणे नाही, तर पडीक. बियाणे आले आणि जमीन नाही, तर पोती उशाला घेऊन झोपा. हलक्या, झटपट पानांच्या कॅटला सतरा-अठरा जमिनी पुरतात, जड पानांच्या संथ कॅटला बावीस-चोवीस लागतात. पहिल्या डावात एक जमीन आणि सहा देखणी पाने हाती धरून मी लोभाने बसून राहिलो. हात बदलून घ्यायची सोय होती, घेतली नाही. पाचव्या पाळीला आडवा झालो.

लाल कॅटची रीत सरळ आहे. समोरच्याचे वीस प्राण असतात. ‘लाइटनिंग बोल्ट’ हे विजेचे पान एका जमिनीत तीन प्राण घेते. म्हणजे अशी सात पाने पोहोचली की काम झाले. भाच्याकडे निळा कॅट होता. त्याच्यात आपले पान हवेतल्या हवेत रद्द करणारे ‘काउंटरस्पेल’, त्याला दोन निळ्या जमिनी मोकळ्या लागतात. दुसऱ्या डावात मी पाने टाकत गेलो आणि तो रद्द करत गेला.

तिसऱ्या डावात मात्र मला आमचे मेंढीकोट आठवले. बंद हुकूम कुणाच्या हाताखाली काय दडला आहे हे पानावरून नव्हे, खेळणाऱ्यावरून ओळखायचे असते. दश्शी टाकायची ती मोठी पाने निघून गेल्यावर. भाचा माझ्या पाळीला दोन जमिनी मोकळ्या ठेवून बसला होता. मी वीज हातातच ठेवली. पुढच्या पाळीलाही ठेवली. शेवटी त्याला राहवले नाही, नवी पाने ओढायला त्याने स्वतःच्या पाळीत जमिनी खर्च केल्या. लगेच मी दोन विजा एकामागून एक टाकल्या. “मामा, तुम्ही हे कुठे शिकलात?” त्याने विचारले. मी म्हटले, भुसावळच्या पॅसेंजरमध्ये. आणि ते खोटे नव्हते.

स्पर्धेत तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतात आणि मधल्या वेळात राखीव पंधरा पानांतून अदलाबदल करता येते. आपण दुबार पेरणीसाठी बियाणे राखून ठेवतो तसे. पाऊस कसा पडेल हे आधी कळत नाही, म्हणून कोरड्यासाठी चार, ओल्यासाठी चार. त्या दिवशी दुकानात कोण काय घेऊन येईल याचा अंदाज बांधून ही पंधरा निवडायची, आणि भाचा म्हणतो, निम्म्या स्पर्धा तिथेच जिंकल्या किंवा हरल्या जातात.

हे सारे निर्मळ आहे असे नाही. नियम दुर्मिळतेवर आहे, किमतीवर नाही. साधे म्हणून छापलेले पण फार थोडे छापलेले जुने पान महागच असते. शिवाय साध्या पानांतही एखादे असे निघते की जो तो तेच घेऊन येतो. म्हणून २०२२ साली कंपनीने जाणत्या खेळाडूंना घेऊन या प्रकारासाठी वेगळी समिती नेमली आणि समिती आल्या आल्या काही पानांवर बंदी आली. लगाम एकदा घालून भागत नाही, तो हातात धरावा लागतो.

पत्ते म्हटले की आपल्याकडे वाद एकाच वाटेने जातो : हे कौशल्य की नशीब? १८८७च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ते कौशल्य, असे साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. याच वाक्याच्या आडोशाने पुढे मोबाइलवर रमीची दुकाने थाटली गेली. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा मात्र कौशल्य-नशिबाचा भेद बाजूला ठेवला आणि एकच गोष्ट पाहिली : पैसा लागतो का? मला हा प्रश्न अधिक नेमका वाटतो. काकांचा झन्नामन्ना निव्वळ नशिबाचा होता, पण त्या ओट्यावर उत्तम मेंढीकोट चालू असते आणि त्यावर बैलजोडी लागली असती, तरी ती गेलीच असती. आणि ज्या खेळात खिसा मोठा असणाऱ्याला डोके वापरावेच लागत नाही, तो खेळ पैसे न लावताही पोरांना वाईटच शिकवतो.

ही समज आपल्याला नवी नाही. गंजिफाच्या काळातही दरबारी पाने वेगळी आणि बाजारची वेगळी. हस्तिदंताची पाने घेऊन सरदार बसत, कागद-कापडावर रंगवलेली स्वस्त पाने घेऊन बाकीचे. पण दोघांचा राजा एकच हात जिंकत असे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या, दहा रंगांची एकशेवीस पाने. त्यांत निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. ध्यानात ठेवील तो खेळेल. पान कशाचे केले आहे याला डावात किंमत नव्हती.

आमच्याकडे सुटी लागली की पोरांना आखाजीच्या ओट्यांपासून लांब ठेवायचे म्हणून आपण त्यांच्या हाती मोबाइल देतो. त्यापेक्षा त्यांना दुसरा ओटा द्यावा असे मी म्हणेन. पान साधे, खर्चाला मर्यादा, डावाअंती ज्याची पाने त्याला परत. परदेशी खेळच हवा असे नाही. एका कॅटात मेंढीकोटचे दोन जोड्यांचे सामने लावता येतात, भिडू चिठ्ठीने ठरवावा म्हणजे घरच्या जोड्यांच्या खाणाखुणा चालत नाहीत.

तिसरा डाव संपला तेव्हा माय दारात उभी होती. ती केव्हापासून बघत होती कोण जाणे. तिने पान उचलले, उलटसुलट केले आणि भाच्याला विचारले, “हरला त्याचं काय जातं रे भो?”

“काही नाही आजी. पानं ज्याची त्याच्याकडेच.”

“आन् हे केवढ्याचं?”

“हे? पाच रुपयाचं.”

तिने पान खाली ठेवले. “मंग तिकडं उन्हात कशाले बसले? आत पंख्याखाली बसा,” ती म्हणाली आणि सांजोऱ्यांचा डबा आणायला गेली. पुढच्या आखाजीला भाचा आणखी दोन कॅट बांधून आणणार आहे, उरलेल्या साध्या पानांतून. गल्लीतल्या चार पोरांची नावे आताच आली आहेत, आणि पाचवे नाव धाकट्या काकांच्या नातवाचे आहे. मायेला ते अजून सांगितलेले नाही.