टोळी

गोदीत माल उतरवणाऱ्या गँगला टोळी म्हणतात. पेपरात टोळी म्हणजे चॉपरवाली पोरं. शब्द एकच, पोरंही एकाच वस्तीतली. पहिल्या टोळीत जागा नाही म्हणून दुसरीत गेलेली. एवढं साधं गणित पांढरपेशा संपादकाला जमत नाही. त्याला आपल्या पोरांच्या रक्तात गुन्हा दिसतो. हे रक्ताचं शास्त्र इंग्रजानं 1871 साली कायद्यात घातलं, अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली कायदा गेला. फौजदाराच्या डोक्यातून गेला नाही.

11 जानेवारी 1982 ला वडाळ्यात पोलिसांनी मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या. मुंबईचं पहिलं एन्काउंटर म्हणून ते सांगतात. पुढं त्यावर सिनेमा निघाला. बरोबर सात दिवसांनी, 18 जानेवारीला, अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या बसल्या. बाप घरी बसला, पोरगं नाक्यावर उभं राहिलं. नाक्यावरच्या पोराला कुणीतरी उचलतोच, भाई उचलतो, बिल्डर उचलतो, कुणीच नाही तर पोलिसांची गाडी आहेच. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांना 16 जानेवारी 1997 ला पवईत भाडोत्री मारेकऱ्यांनी मारलं. म्हणजे कामगाराचं शहर मोडल्यावर जी हिंसा उगवली ती कामगारावरच उलटली. आणि गिरण्यांच्या जागी आता मॉल आहेत, त्यांच्या दारात आपली पोरं सिक्युरिटीची टोपी घालून बारा-बारा तास उभी. तीही नशीबवान म्हणायची!

गोदीचंच बघा. कंटेनर आले, 1989 ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, हातांची गरज सरली. आज मी ठेकेदाराच्या हजेरीवर आहे. तरी आत शिरायला पास लागतो, पासाला पोलिसांचा दाखला लागतो. नाक्यावरच्या मारामारीत एकदा नाव आलेल्या पोरानं हा दाखला कुठून आणायचा? त्याला तडीपार करतात. दोन वर्षं जिल्ह्याबाहेर राहा म्हणे. कुठं राहा? खा काय? ते कागदावर नसतं. च्यायला, भूक काय हद्दीबाहेर सोडून येते माणूस?

आता आपल्यातलंही बोलतो, राग आला तर येऊ द्या. वस्तीतल्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. खाली पासपोर्ट फोटोंची रांग, सगळी विशीतली. मोर्चात पुढं हीच, दगड मारायला हीच. केस पडली की भाऊंचा फोन बंद. निळा झेंडा खांद्यावर दिला, वकील कुणी दिला?

देशातल्या तुरुंगात चारातले तीन कैदी कच्चे आहेत, गुन्हा शाबीत न झालेले. 2024 पासून नव्या कायद्यात कलम 479 आहे. पहिल्याच केसमधला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडायचं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला मात्र ते लागू नाही. आणि त्यातच मेख आहे, एकापेक्षा जास्त केसेस चालू असल्या तर ही सवलत नाही. म्हणून पोरावर दुसरी केस कधी पडते, कोण टाकतो, यावर डोळा ठेवा. तुमच्यातले जे लॉ कॉलेजात आहेत त्यांनी कविता थोड्या कमी वाचाव्यात, माझ्यासुद्धा, आणि रविवारी वस्तीत येऊन आपल्या कोणत्या पोरांचे किती महिने आत झाले ते वहीत मांडावं. बऱ्याच आयांना आकडा तोंडपाठ आहे. अर्ज कसा करायचा ते ठाऊक नाही.