पाकगृहांतील गोष्टी : संत्र्याचे वाटी-केक

आमच्या घरीं वाढदिवसाला केक आणण्याची चाल नक्की केव्हां पडली, हें आतां कोणासहि सांगतां येत नाहीं. प्रथम मुलांच्या हट्टाखातर एखाद्या वर्षीं आला, मग दरवर्षीं येऊं लागला, आणि आतां तर केक नसला म्हणजे औक्षणाचें तबकहि ओकेंबोकें दिसतें. या सर्व वर्षांत ज्यांनीं त्या केकाचा कणहि तोंडांत घातला नाहीं, अशा घरांत एकट्या आमच्या आत्याबाई. मुलांना केक वांटला जात असतां त्या शेजारीं पेढा घेऊन बसतात, आणि कोणीं कांहीं म्हणण्यापूर्वींच “मला आपला पेढा बरा हो,” असें सांगून मोकळ्या होतात. हें त्या इतक्या सहजपणें म्हणत आल्या कीं, त्यांना केक आवडतच नसावा अशी आम्हां सर्वांची सोईस्कर समजूत होऊन बसली होती.

गेल्या मार्गशीर्षांत त्यांचें सहस्रचंद्रदर्शन करावयाचें ठरलें. शांति, होम, आप्तेष्टांचें जेवण हें सर्व यथासांग ठरल्यावर संध्याकाळच्या केकाची गोष्ट निघाली, तेव्हां आठ वर्षांच्या आमच्या धाकट्या पुतणीनें विचारलें, “वाढदिवस आत्याआजीचा, मग आत्याआजीनेंच पेढा खायचा का?” बैठकींत क्षणभर कोणीच बोलेना.

बिनअंड्याचा केक हल्लीं कोठेंहि मिळतो. वेष्टनावर हिरवा ठिपका असतो, आणि त्या ठिपक्यावर आमचा विश्वासहि आहे. परंतु आत्याबाईंची अडचण ठिपक्यानें सुटणारी नव्हती. ज्या भट्टींत अंड्याचे केक भाजले जातात, त्याच भट्टींतला आणि त्याच साच्यांतला पदार्थ त्यांना नको असतो. पूर्वीं नानकटाईचें पीठ घरीं मळून पत्र्याच्या ताटांतून बेकरींत भाजावयास पाठवीत, तेव्हांहि त्या ती नानकटाई खात नसत, असें सासूबाई सांगतात. आमच्या घरच्या विजेच्या ओव्हनमध्यें थोरल्या पुतणीनें एकदां अंड्याचा केक केला आहे, हें त्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल त्यांनीं कधीं अवाक्षर काढलें नाहीं. फक्त त्या ओव्हनमधलें कांहीं खाल्लें नाहीं, इतकेंच. धाकट्या भाऊजींनीं सुचविलें कीं, दुकानांतून आणावा आणि घरचा म्हणून पुढें करावा. त्यांना काय कळणार आहे? त्यांना कळलें नसतें, हें खरेंच. पण जो नेम त्यांनीं जन्मभर कोणासहि त्रास न देतां पाळला, तो आपल्या सोयीसाठीं त्यांच्या नकळत मोडण्याचा आम्हांस काय अधिकार? तसला केक आमच्या हातून त्यांच्या ताटांत पडला नसता. तेव्हां करावयाचा तर तो अंड्याशिवाय, ओव्हनशिवाय आणि रोजच्या आपल्या भांड्यांत, असें ठरलें. आणि रोजच्या वरणाच्या स्टीलच्या वाट्या पुढें आल्या.

‘कपकेक’ या नांवाचा मुलांना मोठा डौल वाटतो, परंतु त्याचें मूळ असेंच घरगुती आहे. अमेरिकेंत १७९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅमेलिया सिमन्स हिच्या पाकपुस्तकांत लहान लहान कपांत भाजावयाचा एक हलका केक सांगितला आहे, आणि १८२८ सालच्या एलिझा लेस्ली हिच्या पुस्तकांत ‘कप केक’ हें नांवहि आढळतें. त्यांनीं चहाचे कप घेतले, आम्हीं वाट्या घेतल्या. मुलांनीं त्यांस ‘वाटी-केक’ असें नांव ठेवलें, तेंच आम्ही येथें वापरतों.

अंड्यावांचून केक करणें ही केवळ आपल्या सोंवळ्याची अडचण आहे, असेंहि नव्हे. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें आल्फ्रेड बर्ड नांवाचे एक औषधविक्रेते होऊन गेले. त्यांच्या पत्नीस अंडें सोसत नसे आणि यीस्टहि सोसत नसे. तिला खातां यावें म्हणून त्यांनीं १८३७ सालीं मक्याच्या पिठाचें बिनअंड्याचें कस्टर्ड काढलें, आणि १८४३ सालीं यीस्टवांचून फुगविणारी बेकिंग पावडर सिद्ध केली. आज घरोघरच्या फडताळांत असलेली ती डबी एका बाईंना घरच्यांच्या पंक्तीस बसून खातां यावें म्हणून निघाली आहे. हें आम्हीं जाऊबाईंना सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “मग आपलेंहि साधेल.”

साधलें, परंतु पहिल्या घाण्यास नव्हे. तो साफ बिघडला, आणि दोष सर्वस्वीं आमचा होता. पातेल्यांत सहाच वाट्या मावत होत्या. आम्हीं बारा वाट्यांचें मिश्रण एकदम कालवून ठेवलें आणि अर्धें भाजावयास घातलें. मध्यंतरीं मामंजींचा चहा झाला, मुलें शिकवणीहून आलीं, त्यांचें खाणें झालें. दुसऱ्या सहा वाट्या पातेल्यांत जाईपर्यंत पाऊण तास लोटला होता. पहिले सहा फुगले, पण चवीला साबणासारखे लागले. दुसरे सहा तर मधोमध खचलेले, आणि आंत ओले नि चिकट. दोन्हीकडे अपराधी एकच, तो म्हणजे सोडा.

खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले कीं कार्बन डायॉक्साइड वायु सुटूं लागतो, आणि त्याचे बुडबुडे मिश्रणांत अडकून केक हलका होतो. अंड्याच्या केकांत घुसळलेलें अंडें हवा धरून ठेवतें आणि आंचेनें घट्ट होऊन तिला आधार देतें. येथें तो आधार नाहीं. दहीं व रस मिळतांच बुडबुडे सुटतात, आणि लगेच आंच मिळाली नाहीं तर ते वर येऊन निघून जातात. एकत्र कुटुंबांत सर्वजण एकमेकांसाठीं खोळंबतात. सोडा मात्र मामंजींच्या चहासाठींहि थांबत नाहीं. साबणाच्या चवीचें कारण निराळें. आम्हीं चमचा शीग लावून भरला होता. जितका आंबटपणा असेल तितकाच सोडा खर्ची पडतो. उरलेला आपली चव दाखवितो. म्हणून सोडा नेहमीं सपाट चमच्यानें मोजावा. एरवीं हाताच्या अंदाजावर चालणाऱ्या आमच्यासारख्यांनीं येथें तो अभिमान सोडावा, हें बरें.

कोकोविषयींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हॉलंडांत व्हान हाउटेन घराण्यानें १८२८ सालीं कोकोच्या बियांतील स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि ती पूड क्षारानें संस्कारित करण्याची रीतहि त्याच घराण्यांतून आली. अशी पूड काळसर व चवीला सौम्य असते. पण तिचा मूळचा आंबटपणा गेलेला असल्यामुळें ती सोड्याला साह्य करीत नाहीं. डब्यावरील घटकांत आम्लता-नियामक म्हणून ५०० किंवा ५०१ असा आंकडा दिसला, तर ती संस्कारित समजावी. वाईट नव्हे, परंतु या कृतीस साधी, तांबूस पूड अधिक मानवते.

आतां संत्रें. त्याचा सुवास रसांत असतो असा पुष्कळांचा समज आहे. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीपाशीं दाबून ठिणग्या उडविण्याचा खेळ ज्यांनीं लहानपणीं केला असेल, त्यांना खरी गोष्ट ठाऊक आहे. त्या ठिणग्या म्हणजे सालींतील सुवासिक तेल. रस आंबटगोडी देतो. सुवास हवा असेल तर साल पाहिजे, आणि तीहि केवळ वरची केशरी. तिच्याखालचा पांढरा थर कडवट असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळें सोललेली साल नीट किसतां येत नाहीं. म्हणून फळ घट्ट, ताजें निवडून, सोलण्यापूर्वीं अख्खेंच बारीक किसणीवर हलक्या हातानें फिरवावें. बाजारांतील फळांना पुष्कळदां मेणाचा हात दिलेला असतो, तेव्हां आधीं कोमट पाण्यानें चोळून धुवावें. आंबिया बहाराचीं संत्रीं साधारणपणें ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात आणि मृग बहाराचीं फेब्रुवारी-मार्चमध्यें, म्हणजे थंडीच्या दोन्ही टोकांस सोय आहे. एरवीं कागदी लिंबाची साल घ्यावी, पण निम्मीच. मोसंब्याची आम्हांस फिकी वाटली.

बारा लहान वाट्यांचें प्रमाण असें : मैदा १८० ग्रॅम, कोकोची पूड ३० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाऊण लहान चमचा (सपाट), मीठ चिमूटभर, आंबटसर दहीं १२० ग्रॅम, संत्र्याचा रस १०० मिलिलिटर, लिंबाचा रस एक मोठा चमचा, पाणी ५० मिलिलिटर, वास नसलेलें गोडें तेल ८० मिलिलिटर आणि दोन संत्र्यांची किसलेली साल. तेलाऐवजीं साजूक तूप घालावें असा आत्याबाईंचा आग्रह होईल हें जाणून आम्हीं तेंहि करून पाहिलें. स्वाद उत्तम, पण थंडींत तूप थिजतें आणि केक दुसऱ्या दिवशीं कोरडा व कठीण वाटतो. तेलाचा तिसऱ्या दिवशींहि मऊ राहिला.

प्रथम साखर दळून घ्यावी आणि तिच्यांत सालीचा कीस बोटांनीं चोळावा. साखर ओलसर होऊन तिला संत्र्याचा वास भरून येतो. या एका कृतीनें जितका फरक पडला, तितका दुसऱ्या कशानेंहि पडला नाहीं. मैदा, कोको, सोडा व मीठ तीनदां चाळून त्यांत ही साखर मिसळावी. दहीं, दोन्ही रस, पाणी व तेल निराळ्या भांड्यांत घुसळावें. आतां दोन्हींचे बरोबर दोन दोन भाग करून ठेवावे, आणि पातेलें तापल्याखेरीज त्यांची गांठ घालूं नये. ही युक्ति पहिल्या घाण्याच्या नासाडीनें आम्हांस शिकविली.

पातेलें जुनें, जाड बुडाचें घ्यावें, किंवा बिडाची मोठी कढई असल्यास फारच छान. तळाशीं बोटभर कोरडें जाडें मीठ पसरून त्यावर जाळी ठेवावी, घट्ट झांकण लावावें व मध्यम आंचेवर दहा मिनिटें तापूं द्यावें. तोंपर्यंत वाट्यांना तुपाचा हात लावून मैदा भुरभुरावा. शिट्टी व रिंग काढून प्रेशर कुकरांत केक करण्याची रीत आहे. पण कुकर असा कोरडा तापविणें आम्हांस बरें वाटत नाहीं. नंतर कोरड्याचा एक भाग व ओल्याचा एक भाग एकत्र करून, मैद्याचा कोरडा अंश दिसेनासा होतांच हात थांबवावा. पुरणासारखें घोटूं नये. घोटलें कीं मैद्याला तार सुटून केक चिवट होतो. वाट्या दोन-तृतीयांश भरून तत्काळ आंत ठेवाव्या आणि आंच मंद करावी. पंचवीस मिनिटें तरी झांकण उघडूं नये, मग मुलें कितीहि ओट्याभोंवतीं घोटाळोत. स्वच्छ काडी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे झाले. आम्हांस अठ्ठावीस मिनिटें लागलीं. मग दुसरा घाणा. ज्यांच्याकडे ओव्हन असेल आणि आमच्यासारखी अडचण नसेल, त्यांनीं १८० अंश सेल्सिअसला अठरा ते वीस मिनिटें भाजावे.

वरून पिठीसाखरेंत संत्र्याचा रस थेंबाथेंबानें घालून केलेलें दाट पातळ ओतावें, किंवा शंभर ग्रॅम चॉकलेट पन्नास मिलिलिटर गरम सायींत विरघळवून लावावें. नुसतें चॉकलेट वितळवीत असाल तर त्यांत ओला चमचा जाऊं देऊं नका. थेंबभर पाण्यानेंहि तें रवाळ होऊन आळतें.

समारंभाच्या दिवशीं संध्याकाळीं औक्षण झालें. मेणबत्त्या लावण्याचें मुलांनीं आपण होऊन टाळलें. वाट्या तबकांत मांडून आणल्या, तेव्हां आत्याबाईंनीं पेढ्यासाठीं हात पुढें केला होता. धाकट्या पुतणीनें त्यांना सर्व हकीकत एका दमांत सांगितली : अंडें नाहीं, ओव्हन नाहीं, वाट्या वरणाच्या, पातेलें दूध तापविण्याचें जुनें, आणि पहिला घाणा फुकट गेला तो कसा. आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें. वाटी हातांत फिरवून तळाचें नांव वाचलें. ती त्यांच्याच आईच्या नांवाची निघाली. मग चमच्यानें एक घांस घेतला. आम्ही सर्वजण त्यांच्या तोंडाकडे पाहात होतों, हें त्यांना आवडलें नसावें. कारण दुसरा घांस त्यांनीं जरा पाठ वळवून घेतला.

वाटी रिकामी झाल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, “साल खोल किसलीत गं, कडू लागतेंय. आणि अर्धी वाटी असेल तर आण आणखी.” पहिला आक्षेप खरा होता, शेवटच्या संत्र्याला आमचा हात जड पडला होता. पुढच्या खेपेस साल आपण स्वतः किसणार असें त्यांनीं दुसऱ्या दिवशीं जाहीर केलें, आणि बारीक किसणी तेव्हांपासून त्यांच्याच कपाटांत आहे.