टल्साला दंगल म्हणू नका

३१ मे १९२१च्या रात्री ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात गोऱ्यांचा सशस्त्र जमाव ग्रीनवुड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर चालून गेला. पोलिसांनी त्या जमावातल्याच अनेकांना तात्पुरते शिपाई म्हणून नेमलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हजाराहून जास्त घरं राख झाली. मृतांचा आकडा इतिहासकार तीनशेपर्यंत नेतात. आणि या सगळ्याचं नाव पुढे कित्येक दशकं 'रेस रायट', म्हणजे वांशिक दंगल, असंच राहिलं.

'रायट' हा शब्द मारणारा आणि मरणारा यांना एकाच रांगेत उभं करतो. कायदासुद्धा दंगल ठरवताना आधी जमावातली डोकी मोजतो: इंग्लंड आणि वेल्समध्ये किमान बारा, भारतात पाच, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तीन. सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांची कर्जखतं जाळली, तेही इंग्रजांच्या दप्तरी 'डेक्कन रायट्स'च. कर्जाचे कागद जाळणं आणि माणसांसकट वस्ती जाळणं, दोन्हींना एकच नाव!

टल्सात या नावाची किंमत लोकांनी रोख मोजली. विम्याच्या करारांत दंगलीतल्या नुकसानीची भरपाई वगळलेली होती. ग्रीनवुडमधल्या डिक्सी थिएटरचे मालक रेडफर्न कोर्टात गेले आणि १९२६ साली ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. हॉटेलमालक जे. बी. स्ट्रॅडफर्ड यांचं हॉटेल जळालं, वर दंगल भडकवल्याचा आरोपही त्यांच्यावरच आला. तो मागे घेतला गेला १९९६मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

कोणी म्हणेल, नाव बदलून काय मिळालं? टल्साच्या या घटनेच्या शताब्दीसाठी नेमलेल्या आयोगाने २०१८ साली आपल्या नावातून 'रायट' काढून 'मॅसॅकर' घातलं, तरी वाचलेल्या वृद्धांचा भरपाईचा दावा २०२४ साली फेटाळलाच गेला. हे खरं आहे. नावाने न्याय मिळत नाही. पण चुकीच्या नावाने तो नाकारता येतो, हे टल्साने दाखवलं आहे.

जालियनवाला बागेला मराठीत कोणी दंगल म्हणत नाही, हत्याकांडच म्हणतात. टल्सालाही तेच म्हणू या, घरात मुलांशी बोलताना आणि मंडळाच्या व्यासपीठावरूनही. दोन गट खरोखर एकमेकांवर तुटून पडले असतील, तर दंगल जरूर म्हणावं. पण बातमीत 'रायट' ऐकू आलं की आधी तीन प्रश्न विचारायचे: मारलं कोणी, मेलं कोण आणि पोलीस कोणाच्या बाजूला उभे होते?