एसएमपीएस कुठला आहे?

परवा मामेभावाचा मेसेज आला. "दादा, हा गेमिंग पीसी घेऊ का? ८० हजार. आय सेव्हन, १६ जीबी रॅम, आरटीएक्स कार्ड, आरजीबी फॅन." मी विचारलं, "एसएमपीएस कुठला आहे?" उत्तर आलं, "म्हणजे?"

या 'म्हणजे?'वरच तयार गेमिंग पीसींचा बराचसा धंदा चालतो, असं माझं ठाम मत आहे.

जाहिरातीत काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते बघा. 'आय सेव्हन' म्हणजे नेमका कुठला? २०१२चा ३७७० हाही आय सेव्हनच, आणि २०२२चा साधा आय थ्री १२१०० त्याला सहज मागे टाकतो. 'आरटीएक्स ३०५०' असेल, तर ८ जीबीवाल्यात २५६० कोअर असतात आणि ६ जीबीवाल्यात २३०४. नाव तेच, माल वेगळा. १६ जीबीची एकच स्टिक आहे, की आठ-आठच्या दोन? एकच असेल तर मेमरीचा निम्मा रस्ता बंद, आणि गेम खेळताना ते जाणवतं. मदरबोर्ड आणि एसएमपीएसचं तर बऱ्याचदा नावच नसतं. काटकसर तिथेच केलेली असते. काचेतून दिवे दिसतात, एसएमपीएस दिसत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून मीही एका मोठ्या कंपनीचा तयार पीसी घेतला होता. एक वर्षाची वॉरंटी संपली आणि पावसाळ्यात एका रात्री मशीन बंद पडलं. एसएमपीएस गेला होता. म्हटलं, बाजारातून दुसरा आणून बसवू. तर कंपनीने कनेक्टर स्वतःचाच, जगावेगळा दिलेला. तीन-चार हजारांच्या पार्टपायी धडधाकट प्रोसेसर आणि कार्ड महिनाभर कोपऱ्यात पडून राहिले.

लाज मात्र वेगळ्याच गोष्टीची वाटली. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. मदरबोर्डची आकृती काढून परीक्षेत मार्क मिळवलेत. पण स्वतःच्या मशीनचं झाकण त्या रात्री पहिल्यांदा उघडलं.

पुढचा पीसी मी लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून घरीच जोडला. अख्खा रविवार गेला. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना हात थरथरत होता. चालू केला तर स्क्रीन काळीच, कारण मॉनिटरची केबल मी कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली होती! पण त्यानंतर त्यात काहीही बिघडलं, तरी कुठे हात घालायचा हे मला माहीत आहे.

स्वतः जोडलेला पीसी नेहमी स्वस्तच पडतो, असं मी म्हणणार नाही. २०२१मध्ये ग्राफिक कार्डांचा दुष्काळ होता, तेव्हा नुसत्या कार्डासाठी तयार पीसी घेणारेही शहाणेच होते. वेळ नसतो, भीती वाटते, हेही मान्य. मग जोडू नका. पण निदान पार्ट तुम्ही निवडा आणि जोडायचं काम दुकानदाराला द्या. आपल्याकडे ही सोय आहे, आणि ती वापरायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, एक संध्याकाळ बसून वाचावं लागतं. प्रत्येक पार्टची वॉरंटीही वेगळी मिळते: प्रोसेसर आणि कार्डाला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा जास्त. शिवाय सगळं ठरावीक मापाचं, म्हणजे उद्या एक पार्ट गेला तर तेवढाच बदलायचा.

आपण भाजी घेताना वांगं उलटंपालटं करून बघतो. ८० हजारांच्या डब्याला मात्र आत काय आहे ते विचारत नाही, कारण विचारलं तर आपल्याला काही कळत नाही हे उघडं पडेल. या संकोचाची किंमत आपण मोजतो.

मामेभावाला मी 'घेऊ नकोस' म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की सगळ्या पार्टची नावं मॉडेल नंबरसकट बिलावर लिहून देणार का, ते विचार. दिली तर खुशाल घे.

त्याने विचारलं. दुकानदार म्हणाला, "तुम्हाला गेम खेळायचेत, की दुकान काढायचंय?"

८० हजार अजून भावाच्या खात्यातच आहेत.