साठ की आठ?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या थोरल्या काकांच्या भुसार पेढीवर एक प्रसंग घडला. तालुक्याच्या गावातील एका जुन्या गिऱ्हाइकाने फोनवरून साखरेची मागणी केली. काकांनी ती स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतली : आठ पोती. मागणी होती साठ पोत्यांची. ऐन सणात त्या दुकानदाराला माल कमी पडला आणि चाळीस वर्षांच्या व्यवहारात प्रथमच तो काकांशी चढ्या आवाजात बोलला. काकांनी जादा भाड्याची गाडी करून उरलेली बावन्न पोती पाठविली, तोशीस सोसली. मात्र त्या सायंकाळी ते जेवायला उठले नाहीत. “मला आठच ऐकू आले,” एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले.

काकांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. वय वाढते तसे ऐकणे सर्व बाजूंनी सारखे कमी होत नाही. आपल्या अंतर्कर्णात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसल पेशी असतात. एकदा नष्ट झालेल्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत, आणि झिजतात त्या बहुधा उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी. बोलण्यातील अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे व ठसठशीत असतात. स, श, फ, थ ही व्यंजने मात्र उंच पट्टीची व हलकी असतात. ‘साठ’मधला ‘स’ गळला की कानावर ‘आठ’च पडते. त्यातून साध्या फोनवर सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचे ध्वनी मुळातच पुढे जात नाहीत. म्हणूनच अशी माणसे म्हणतात, “आवाज येतो हो, पण शब्द कळत नाही. हल्ली लोक स्पष्ट बोलतच नाहीत.”

हे बोल घरात ऐकू येऊ लागले, तर सावध व्हावे. दूरदर्शनचा आवाज इतरांना सोसवणार नाही इतका वाढवला जातो. पुरुषांचे बोलणे समजते, पण सुनेचे आणि नातवंडांचे निसटते. समोरासमोर सर्व ठीक चालते. पाठमोरे कोणी बोलले की उत्तर येत नाही. दुकानात गर्दी झाली की गल्ल्यावरची व्यक्ती हसून मान डोलावते आणि हिशेब दिवाणजींकडे सरकवते. ही उणीव इतक्या सावकाश येते, की जिला ती आहे त्या व्यक्तीला ती सर्वांत शेवटी कळते.

काकांच्या बाबतीत मागे वळून पाहताना आम्हाला आणखी एक गोष्ट जाणवली. प्रवचनाला नेहमी पुढच्या ओळीत बसणारे काका वर्षभरापासून मागे, दाराजवळ बसू लागले होते आणि नंतर तर येईनासेच झाले. आम्ही समजलो, गुडघे दुखत असतील. ‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकणारा. ऐकणे सुटले तेव्हा त्यांचे माणसांत बसणेही सुटले होते, आणि आम्ही कोणी त्यांना कारण विचारले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना दैनंदिन जीवनात अडचण आणणारी श्रवणहानी असते. म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबात हा प्रश्न केव्हा ना केव्हा येणारच. तो आला की पहिले पाऊल यंत्राच्या दुकानाकडे टाकू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे टाकावे. कधी कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो, कधी पडद्यामागे पाणी साठलेले असते, आणि त्यावर उपचार होऊ शकतो. काही लक्षणांत मात्र एक दिवसही दवडू नये. काही तासांत वा दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. लवकर औषध मिळाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता वाढते. एकाच कानाने कमी ऐकू येणे, कान वाहणे, चक्कर येणे, एकाच कानात सतत गुंजारव होणे, हेही तज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे.

त्यानंतर श्रवणतज्ज्ञ चाचणी घेतात. शांत खोलीत, कानावर हेडफोन लावून साधारणपणे २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवले जातात आणि किती हलका आवाज ऐकू येतो याचा आलेख काढला जातो. चाचणी वेदनारहित असते. २० डेसिबलपेक्षा कमी आवाज ऐकू आला तर श्रवण उत्तम. २० ते ३५ ही सौम्य हानी. ३५ ते ५० ही मध्यम. पुढे ती तीव्र होत जाते. सोबत शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्यावी, कारण यंत्राचा कितपत लाभ होईल याचा अंदाज तिच्यावरून येतो. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत, तसेच अनेक सरकारी रुग्णालयांत ही सोय आहे.

यंत्र घ्यावे की नाही, हे केवळ आकड्यावर ठरत नाही. दिवसभर घरी शांत बसणाऱ्याला सौम्य हानी कदाचित जाणवणार नाही. तीच हानी गादीवर बसून सौदे करणाऱ्याला महागात पडते. मात्र निर्णय लांबवू नये. मेंदूला जे ध्वनी वर्षानुवर्षे मिळाले नाहीत, त्यांच्याशी पुन्हा जुळवून घेणे पुढे कठीण जाते. विसराळूपणाच्या आजाराचा धोका वाढविणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांमध्येही वैद्यकतज्ज्ञ आज श्रवणहानीची गणना करतात.

खरेदीत आपण व्यापारीच आहोत. नमुना पाहिल्याशिवाय माल घेत नाही. तोच नियम येथे लावावा. श्रवणयंत्रांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असतात आणि सर्वांत महाग तेच सर्वांत योग्य असे मुळीच नसते. काही दिवस वापरून पाहण्याची मुभा आहे का, नंतरची जुळवणी व दुरुस्ती कोण करणार, हमी किती वर्षांची, बॅटरी बदलायची की चार्ज करायची, हे आधी विचारावे. थरथरत्या बोटांना अगदी चिमुकले यंत्र सोयीचे नसते. दोन्ही कान अधू असतील तर सहसा दोन्हींना यंत्र लागते. जाहिरात पाहून मागविलेली, चाचणीशिवाय वापरायची उपकरणे सगळाच आवाज मोठा करतात. श्रवणयंत्र मात्र तुमच्या आलेखानुसार, जिथे उणीव तिथेच भर घालते.

काकांची खरी अडचण पैशाची नव्हती. “गादीवर कानात यंत्र घालून बसलो, तर लोक काय म्हणतील?” असे ते म्हणाले. काकू शांतपणे उत्तरल्या, “लोक आत्ताही म्हणतातच. तुम्हाला ऐकू येत नाही, इतकेच.” काका प्रथम रागावले, मग हसले, आणि दुसऱ्या दिवशी चाचणीला गेले.

पुढचे सर्व सुरळीत झाले असे नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना पंख्याची घरघर, ताटांचा खणखणाट, स्वतःचाच आवाज असह्य झाला आणि यंत्र कपाटात गेले. चुलतभाऊ त्यांना पुन्हा तज्ज्ञांकडे घेऊन गेला, जुळवणी बदलली, रोज दोन तासांपासून वापर वाढवीत नेला. महिन्याभराने सवय झाली. बाजाराच्या गोंगाटात आजही त्यांना सगळे कळते असे नाही. चष्मा लावल्याने नजर जशी स्वच्छ होते, तसे यंत्राने कान पूर्ववत होत नाहीत, ही अपेक्षा घरच्यांनीही आधीच समजून घ्यावी.

घरच्यांनी आणखी एवढे करावे : समोर येऊन, चेहरा दिसेल असे, थोडे सावकाश बोलावे. ओरडू नये, ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात. आणि “काय म्हणालास?” या प्रश्नाला “काही नाही, जाऊ द्या” असे उत्तर कधीही देऊ नये. आमच्या काकांना माणसांतून उठवले ते त्याच उत्तराने.

आता काका मागणी लिहून घेताना आकडा फोडून परत विचारतात, “साठ ना? सहावर शून्य?” गिऱ्हाइकांना ते आवडते. पेढीवरच्या तरुण मुलांनीही तीच पद्धत उचलली आहे, आणि त्यांचे कान तर शाबूत आहेत.